तुटणार हे धरून निवडलेले भाग

२५ डिसेंबर २००९ रोजी ‘थ्री इडियट्स’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातल्या जॉय लोबो या विद्यार्थ्याच्या खिडकीपर्यंत वर जाणारे आणि खाली उभ्या मित्रांना खोलीतले दृश्य दाखवणारे चार पंख्यांचे यंत्र आपल्यापैकी पुष्कळांनी तेव्हाच पहिल्यांदा पाहिले. ते संगणकावर रंगवलेले नव्हते, खरोखर उडत होते. आयआयटी मुंबईत शिकलेल्या अंकित मेहता, राहुल सिंग आणि आशिष भट यांनी २००७ मध्ये सुरू केलेल्या आयडियाफोर्ज कंपनीने ते पुरवले होते. नवी मुंबईची ही कंपनी आज लष्कराला टेहळणीचे ड्रोन देते.

यंत्राला जे दिसते तेच जमिनीवरच्या माणसाला दिसते, एवढ्या एका गोष्टीवर पुढे अख्खा खेळ उभा राहिला. डोळ्यांवर चष्म्यासारखा पडदा चढवायचा, ड्रोनच्या नाकावरच्या कॅमेऱ्यातून बघायचे आणि कमानींमधून शर्यत लावायची. २०१४ मध्ये फ्रान्समधल्या आर्गोने गावच्या हौशी मंडळींनी जंगलातल्या झाडांमधून लावलेल्या शर्यतीची चित्रफीत जगभर पाहिली गेली. मार्च २०१६ मध्ये दुबईच्या स्पर्धेत अडीच लाख डॉलरचे पहिले बक्षीस जिंकणाऱ्या संघाचा वैमानिक ल्यूक बॅनिस्टर पंधरा वर्षांचा होता. २०१८ मध्ये चीनमधल्या शेन्झेन इथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. ती जिंकणारा ऑस्ट्रेलियाचा रूडी ब्राउनिंगही पंधराचाच. दहावीच्या वयाच्या मुलांनी जगाला मागे टाकलेले असे खेळ फार थोडे आहेत.

हे प्रकरण मी तेलंगणातले मंचेरियल डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. ११ ऑक्टोबर २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात असलेले हे गोदाकाठचे कोळशाचे गाव आता स्वतःच जिल्ह्याचे ठिकाण आहे. रेल्वेने वर गेले की बल्लारशा, राष्ट्रीय महामार्ग ६३ ने पूर्वेला गेले की चेन्नूर आणि पुढे सिरोंचा. या पट्ट्यात मराठी बोलणारी घरे आहेत आणि त्यांतली मुले यंत्रांच्या सहवासात वाढलेली आहेत. सिंगरेणीच्या खाणी, वीज केंद्र, वर्कशॉप हे सगळे त्यांच्या दारात आहे. दारात नाही ते ड्रोनचे सुटे भाग विकणारे दुकान. पुण्याच्या किंवा हैदराबादच्या मुलाची मोटार जळाली तर तो दुसऱ्या दिवशी नवी बसवू शकतो. मंचेरियलच्या मुलाला पार्सलची वाट पाहत बसावे लागते. म्हणून निवडीचा निकषही इथे वेगळा ठेवला पाहिजे. सर्वांत वेगवान भाग कोणता, हा प्रश्न नंतरचा. हा भाग तुटला तर मी तो इथे, माझ्या टेबलावर बदलू शकेन का, हा प्रश्न पहिला.

खरेदीचा क्रमही यातूनच ठरतो. सगळ्यात आधी घ्यायचा तो हातातला रेडिओ, म्हणजे दोन काड्यांचा ट्रान्समीटर. तो पडत नाही, आदळत नाही, पुढच्या चार ड्रोनना पुरतो. त्यातही काड्यांखाली हॉल सेन्सर असलेला घ्यावा. घासून झिजणारे पोटेन्शिओमीटर कोळशाच्या धुळीत लवकर कुरकुरायला लागतात. हा रेडिओ यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडता येतो आणि व्हेलोसिड्रोन किंवा लिफ्टऑफसारख्या सिम्युलेटरवर उडवायला शिकता येते. खरे उड्डाण आणि सिम्युलेटर यांत हाताच्या सवयी बऱ्याच अंशी त्याच असतात. पैसे एका वेळी एकाच वस्तूपुरते असतील, तर ती वस्तू रेडिओ असावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

दुसरी गोष्ट आकाराची. शर्यतीचा रूढ ड्रोन पाच इंची असतो, म्हणजे त्याच्या पंख्याचा व्यास पाच इंच. बॅटरीसकट त्याचे वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास जाते. दुसऱ्या टोकाला ३१ मिलिमीटर पंख्यांचा, प्लास्टिकच्या कड्यांत पंखे झाकलेला ‘टायनी वूप’ असतो. त्याचे वजन तीस ग्रॅमही नसते आणि तो घरात, दिवाणखान्यातल्या खुर्च्यांखालून उडवता येतो. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंतचा मायक्रो. शिकण्यासाठी वूप उत्तम, पण बांधण्याचे शिक्षण मिळते ते पाच इंचीमध्येच. तिथे प्रत्येक भाग वेगळा असतो, हाताने जोडता येतो आणि वेगळा बदलता येतो. शिवाय ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशातून तयार ड्रोन किंवा त्याचा सुटा संच आणण्यावर केंद्र सरकारची बंदी आहे, पण सुट्या घटकांच्या आयातीला ती लागू नाही. पुण्यातल्या रोबूसारख्या विक्रेत्यांकडे हे घटक मिळतात. म्हणजे ज्याला स्वतःच्या हाताने बांधायचे आहे, त्याची वाट मोकळी आहे.

आता खरा गाभा. पंखा, मोटार आणि बॅटरी या तीन वस्तू कधीही वेगवेगळ्या निवडायच्या नाहीत. त्या एकाच हिशेबाच्या तीन बाजू आहेत.

मोटारीवर ‘२२०७’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ आतल्या तारा गुंडाळलेल्या गाभ्याचा व्यास २२ मिलिमीटर आणि उंची ७ मिलिमीटर. त्याशेजारी केव्हीचा आकडा असतो. केव्ही म्हणजे पंखा न लावता एका व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे. आता दोन मोटारी घ्या. पहिली २६०० केव्हीची, चार सेलच्या (४एस) बॅटरीवर. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, म्हणजे एकूण १६.८ व्होल्ट आणि फेरे ४३,६८०. दुसरी १७५० केव्हीची, सहा सेलच्या (६एस) बॅटरीवर. व्होल्ट २५.२ आणि फेरे ४४,१००. वेग जवळजवळ सारखाच. मग फरक कशात? विद्युतप्रवाहात. जोरात उडताना दीड हजार वॅट लागले असे धरा. भाराखाली व्होल्ट उतरलेले असल्याने ४एसवर सुमारे १०० अँपिअर ओढावे लागतात, ६एसवर सुमारे ६८. तारेत आणि बॅटरीत उष्णता बनून वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गावर ठरते, त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या तारेत ६एसवर नासाडी निम्म्याहूनही कमी. मंचेरियल जिल्ह्यातल्याच जयपूरच्या औष्णिक केंद्रातून वीज उच्च दाबाच्या तारांवरून बाहेर पाठवतात, ती याच कारणासाठी. म्हणून आज नवा ड्रोन बांधणाऱ्याने ६एस घ्यावा आणि त्यावर १७५० ते १९५० केव्हीची मोटार लावावी. ४एससाठीची २६०० केव्हीची मोटार चुकून ६एसला जोडली, तर ती पासष्ट हजारांहून अधिक फेऱ्यांकडे धावते आणि काही सेकंदांत स्वतःला किंवा तिला प्रवाह देणाऱ्या स्पीड कंट्रोलरला जाळते. स्वस्तात मिळालेल्या जुन्या मोटारी घेताना हा आकडा दोनदा वाचा.

पंख्यावर ‘५×४.३×३’ असे छापलेले असते, म्हणजे व्यास पाच इंच, एका फेऱ्यात हवेत पुढे सरकण्याचे सैद्धांतिक अंतर ४.३ इंच आणि पाती तीन. पातीचा तिरकसपणा वाढवला की सरळ रेषेत वेग मिळतो, पण मोटार गरम होते आणि वळणावर ड्रोन जड वाटतो. इथे उन्हाळ्याचाही विचार हवा. ४५ अंशांना हवा १५ अंशांच्या मानाने सुमारे नऊ टक्के विरळ असते. तेवढाच जोर कमी मिळतो आणि मोटारीला थंड व्हायलाही अडचण. मेच्या दुपारी हलका, कमी तिरकस पंखाच बरा. पंखे पॉलिकार्बोनेटचे घ्यावेत, ते मोडण्याआधी वाकतात. आणि पहिल्याच पार्सलमध्ये त्यांचे निदान दहा संच मागवावेत. पंखा ही ड्रोनमधली सर्वांत स्वस्त वस्तू आहे आणि बहुतेक संध्याकाळी उड्डाण थांबते ते तिच्याच अभावी.

सांगाड्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही. कार्बन फायबरचा असावा, पंख्यांचे हात पाच मिलिमीटर जाडीचे असावेत आणि प्रत्येक हात सुटा निघणारा असावा. एकाच तुकड्यातून कापलेला सांगाडा वजनाला हलका असतो, म्हणून अव्वल स्पर्धक तो वापरतात. पण त्याचा एक हात मोडला की सगळा ड्रोन उकलावा लागतो. सुट्या हाताचा असेल तर दोन-चार स्क्रू काढून अर्ध्या तासात काम होते. कार्बन फायबर वीजवाहक आहे हे मात्र विसरू नये. उघडी तार त्याला टेकली की शॉर्ट सर्किट. त्याच्या कडा घासायच्या तर पाण्याखाली आणि नाकातोंडावर मास्क लावून, कारण ती बारीक धूळ फुप्फुसाला घातक आहे.

मोटारींना प्रवाह वाटून देणारा स्पीड कंट्रोलर चारही मोटारींसाठी एकाच पाटीवर येतो. पाच इंचीला दर मोटारीमागे ४५ ते ६० अँपिअर क्षमतेचा लागतो. त्याच्या आत कोणती आज्ञावली चालते ते बघून घ्या. अनेक वर्षे बीएलहेली-३२ चे राज्य होते. ती एका कंपनीच्या मालकीची, बंद आज्ञावली २०२४ मध्ये थांबली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्यांना पुढच्या सुधारणा मिळेनाशा झाल्या. एएम३२ ही मुक्त आज्ञावली तिची जागा घेते आहे. दूरच्या गावात बसलेल्याने मुक्त आज्ञावलीचाच आग्रह धरावा, कारण ती कोणा एका कंपनीच्या मर्जीवर जगत नाही. याच पाटीवर, बॅटरीच्या तारा जोडतात तिथे, ३५ व्होल्टचा हजार मायक्रोफॅरडपर्यंतचा एक कॅपॅसिटर लावायचा असतो. मोटारी एकदम थांबल्या की उलट दाबाचे झटके येतात, ते हा गिळतो. पाकिटात तो सुटा मिळतो म्हणून अनेक जण तो ऐच्छिक समजतात. तसे समजू नका.

त्यावर बसतो फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे जायरो असलेला छोटा संगणक. तळहातावर उभी काठी तोलणारा माणूस हात सतत किंचित हलवत असतो, तेच काम हा सेकंदाला काही हजार वेळा करतो. त्यावर चालणाऱ्या बीटाफ्लाइटची वंशावळ मोठी गमतीची आहे. तिच्या पूर्वजांपैकी एक असलेली मल्टीवी निन्टेन्डोच्या वी या खेळण्याच्या सुट्या काढलेल्या सेन्सरवर जन्मली, म्हणून नावातच ‘वी’. तेव्हापासून ही परंपरा हौशी माणसांनी फुकट वाढवत आणली आहे. नवशिक्याने एफ७२२ किंवा एफ४०५ प्रोसेसरचा, ३०.५ मिलिमीटर अंतरावर भोके असलेला कंट्रोलर घ्यावा. २० मिलिमीटरचे छोटे प्रकार दिसायला देखणे असतात, पण त्यांच्या जोडणीच्या जागा इतक्या बारीक की पहिल्यांदाच सोल्डरिंग करणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

हवेतल्या लहरींबाबत दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. रेडिओ आणि ड्रोनमधला दुवा एक्सप्रेसएलआरएसचा, २.४ गिगाहर्ट्झवरचा घ्यावा. ही पद्धतही मुक्त आहे आणि हा पट्टा भारतात परवान्याविना वापरता येतो. परदेशी विक्रेते ९१५ मेगाहर्ट्झचे संच स्वस्तात देतात. ते इथे नकोत, कारण ९०० च्या आसपासचा पट्टा आपल्याकडे मोबाइल सेवेचा आहे. चित्र पाठवायला ५.८ गिगाहर्ट्झ लागतो. शर्यतीसाठीच्या ‘रेसबँड’मध्ये आठ वाहिन्या असतात, पण भारतात परवान्याविना मोकळा असलेला पट्टा ५८७५ मेगाहर्ट्झला संपतो. सातवी (५८८०) आणि आठवी (५९१७) वाहिनी त्याच्या बाहेर पडतात, त्या वापरू नयेत.

चित्र अॅनालॉग की डिजिटल, यावर मुले तासन् तास वाद घालतात. शर्यतीपुरता हिशेब असा : ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारा ड्रोन तीस मिलिसेकंदांत ८३ सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो आणि कमान जेमतेम दीड मीटर रुंद असते. म्हणजे चित्र किती सुंदर यापेक्षा ते किती लवकर पोहोचते याला किंमत. अॅनालॉगचे चित्र मुंग्यांनी भरलेले, पण विलंब कमी आणि भाग स्वस्त. डिजिटल चष्म्याच्या एकट्याच्या किमतीत पुष्कळदा अॅनालॉगचा सगळा ड्रोन होतो. पहिला ड्रोन अॅनालॉगचाच बांधावा असे माझे मत आहे. चित्र पाठवणाऱ्या यंत्राला अँटेना लावल्याशिवाय कधीही वीज देऊ नका, ते जळते. शर्यतीत त्याची शक्ती २५ मिलिवॅटच ठेवतात, म्हणजे शेजाऱ्याचे चित्र बिघडत नाही.

बॅटरीवर मात्र मला जरा थांबायचे आहे, कारण इथली चूक घर पेटवू शकते. ६एस, १३०० मिलिअँपिअर-तासांची लिथियम पॉलिमर बॅटरी साधारण २९ वॅट-तास ऊर्जा साठवते आणि ती सगळी तीन-चार मिनिटांत देऊ शकते. बॅटरी किती वेगाने प्रवाह देऊ शकते ते सांगणाऱ्या, पाकिटावरच्या ‘सी’ आकड्यावर विश्वास ठेवू नये, तो जवळपास सगळेच फुगवून छापतात. चांगल्या बॅलन्स चार्जरवर प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध दिसतो, खरी तब्येत तीच. चार्जरमध्ये म्हणूनच कंजुषी नको. ठेवून देताना सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवावा. पूर्ण भरून आठवडाभर ठेवलेली बॅटरी मंचेरियलच्या उन्हाळ्यात फुगू शकते. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ती कधीही ठेवू नये, उडवून आल्यावर गरम असताना चार्जिंगला लावू नये, आणि चार्जिंग चालू असताना झोपायला जाऊ नये. लाकडी टेबलावर चार्जिंग करण्यापेक्षा फरशीवर, वाळूची बादली शेजारी ठेवून करावे. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, हा नियम कितीही जीव तुटला तरी पाळायचा.

आता हत्यारे. ड्रोनवर हजारो रुपये घालून दोनशे रुपयांची, २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न वापरणे ही सर्वांत नेहमी दिसणारी चूक. बॅटरीच्या तारा जिथे जोडतात तिथले तांबे जाड असते, ते सगळी उष्णता शोषून घेते. छोटी आयर्न तिथे हरते आणि वरून चकचकीत, आतून सुटलेला डाग बसतो. उड्डाणात तोच सुटतो. ६० वॅटच्या वरची, तापमान ठरवता येणारी आयर्न हवी आणि तिला चपटे, छिन्नीसारखे टोक हवे. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे असलेली सोल्डर तार १८३ अंशांना वितळते आणि लगेच घट्ट होते, नवशिक्या हाताला ती सोपी. फ्लक्सच्या धुरासाठी खिडकी उघडी ठेवा आणि तारेत शिसे आहे, म्हणून काम संपल्यावर हात धुवा. फ्लक्सची डबी वेगळी घ्या. आधी ड्रोनची पाटी हातात घेऊ नका. जुन्या, भंगारात निघालेल्या रेडिओच्या पाटीवर मनासारखा डाग जमेपर्यंत सराव करा.

गावात मोबाइल दुरुस्तीचे दुकान असतेच. तिथल्या माणसाशी ओळख करून घ्या. त्याच्याकडे सूक्ष्मदर्शक असतो, गरम हवेचे यंत्र असते, आणि तुमच्या कंट्रोलरवरचा मुगाच्या दाण्याएवढा घटक तो पाच मिनिटांत बदलून देईल. बॅटरीच्या जाड तारा मात्र त्याच्या बारीक टोकाने होणार नाहीत, त्या तुमच्याच आयर्नने.

१.५, २ आणि २.५ मिलिमीटरच्या चांगल्या पोलादी अॅलन की, पंख्याच्या नटासाठी ८ मिलिमीटरचा पाना, चिमटा, मल्टिमीटर, स्क्रू ढिले होऊ न देणारा निळा थ्रेडलॉक, यात आणखी काही विशेष लागत नाही. स्क्रूची लांबी मात्र मोजून घ्या. पाच मिलिमीटरच्या हाताला आठ मिलिमीटरचा स्क्रू बरोबर बसतो. दहाचा घातला तर त्याचे टोक मोटारीच्या वेटोळ्यांना लागते, लाखेचा थर खरवडला जातो आणि मोटार पहिल्याच उड्डाणात जाते.

बॅटरी पहिल्यांदा जोडण्याआधी मल्टिमीटरने धन आणि ऋण टोकांमध्ये तपासा. मीटर सलग वाजत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. त्यानंतरही बॅटरी थेट जोडायची नाही. जुने वायरमन नवी वस्तू सिरीज बल्ब लावून तपासतात, तीच युक्ती इथे चालते. ट्रकचा २४ व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब मधे जोडा, कोळशाच्या गावात तो कुठल्याही ऑटोमोबाइलच्या दुकानात मिळतो. बल्ब क्षणभर लुकलुकून मंद झाला तर जोडणी ठीक. पूर्ण पेटून राहिला तर लगेच काढा, तुमचे काही हजार रुपये वाचले. या सगळ्या काळात पंखे लावलेले नसावेत. ते मैदानावर, शेवटी लावायचे. पाच इंची पंखा बोटाचे हाड दिसेपर्यंत कापतो.

मैदानाची निवडही तितकीच विचाराने. विमान वाहतूक महासंचालनालयाच्या डिजिटल स्काय नकाशावर आपले ठिकाण हिरव्या पट्ट्यात आहे का ते आधी पाहा. तिथे ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. ड्रोनची नोंदणी करून क्रमांक घेणे मात्र नियमातच आहे. मायक्रो ड्रोन छंदापुरता उडवणाऱ्याला वैमानिकाचा परवाना लागत नाही. जन्नारमकडचे कवाल व्याघ्र प्रकल्पाचे जंगल, खाणींचा परिसर, वीज केंद्र, गोदावरीवरचा रेल्वे पूल यांच्या आसपास ड्रोन नेऊ नका. कापणी झालेले मोकळे शेत, मालकाच्या संमतीने, ही सर्वांत चांगली जागा.

आणि एकटे जाऊ नका. छंदाचा ड्रोन दृष्टीच्या टप्प्यातच उडवावा लागतो, पण चष्मा घातलेल्या माणसाला ना आभाळ दिसते, ना वाटेने येणारी गुरे. म्हणून शेजारी उघड्या डोळ्यांनी ड्रोनवर लक्ष ठेवणारा साथी हवाच. मग बांधायलाही दोघेच बसा. मंचेरियलमधला एक, चेन्नूरचा किंवा सिरोंचाचा दुसरा, कसेही. दोघांनी त्याच सांगाड्याचा, त्याच २२०७ मोटारींचा, त्याच कंट्रोलरचा ड्रोन घ्या आणि मोटारी आठऐवजी दहा मागवा.